अजब बंगल्यात न दिसलेला माणूस

भंडाऱ्याहून नागपूरला जाणाऱ्या एस. टी.त आमच्यासोबत तेवीस माणसे बसली होती. सगळी आमच्या रात्रीच्या वर्गातली. कोणी धानाची शेती करणारे, कोणी विड्या वळणाऱ्या बाया, दोघे तलावावर मासे धरणारे ढिवर. गोष्ट १९९३ सालची. तेव्हा गावोगाव साक्षरतेची मोहीम चालू होती. दिवसा आम्ही मुलांना शिकवत होतो आणि रात्री त्यांच्या आईबापांना. वर्गाची बाराखडी संपली होती. जोडाक्षरे अर्धी झाली होती. तेव्हा मंडळी म्हणाली, "गुरुजी, आता काही पाहायला न्या." म्हणून आम्ही त्यांना नागपूरचा अजब बंगला पाहायला नेले.

अजब बंगला म्हणजे नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय. ते १८६३ साली सुरू झाले. आपल्या देशातल्या जुन्या संग्रहालयांत त्याची गणना होते. तिथे पेंढा भरलेली जनावरे आहेत, दगडी मूर्ती आहेत, ताम्रपट आहेत, जुनी नाणी आहेत. एका दालनात हत्यारे आहेत. ज्यांना कालपरवापर्यंत अक्षर ओळखता येत नव्हते ती माणसे प्रत्येक पाटीपुढे उभी राहून मोठ्याने वाचू लागली. "ढा-ल, ढाल." "त-ल-वा-र, तलवार." शहरातली दुसरी माणसे वळून पाहत होती. पाहोत बापडी. आम्हाला त्या दिवशी फार बरे वाटले.

आमच्या वर्गात एक म्हातारबाबा होते. साठी उलटलेली, पण वर्गात सगळ्यांत आधी येऊन बसायचे. हत्यारांचे दालन त्यांनी दोनदा फिरून पाहिले. मग आमच्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "गुरुजी, तलवारी पाह्यल्या, ढाली पाह्यल्या. पण तुमचा बहिर्जी कुठं आहे जी?"

आदल्या आठवड्यात आम्ही वर्गाला बहिर्जी नाइकाची गोष्ट सांगितली होती. बाबा तेव्हापासून त्याला शोधत होते. जवळ उभा असलेला पहारेकरी हसला. आम्हीही हसलो. पण बाहेर झाडाखाली शिदोरी सोडून बसलो तेव्हा लक्षात आले की प्रश्न हसण्यासारखा नव्हता. लढणाऱ्याची तलवार मागे राहते. राजाचा शिक्का राहतो. हेराचे काय राहते?

हेर म्हणजे गुपचूप पाहून बातमी आणणारा माणूस. जुन्या मराठीत त्याला जासूद म्हणत, नजरबाज असेही म्हणत. हेराचे काम असे की त्याने कोणाच्या नजरेत भरू नये. ज्याला सगळे ओळखतात तो हेर कसला? म्हणून त्याचा पोशाख चारचौघांसारखा, त्याचे बोलणे चारचौघांसारखे. जवळ हत्यार सापडले तर तो पकडला जातो. कागद सापडला तर त्याचे डोके जाते. मग काचेच्या कपाटात ठेवायचे तरी काय?

तरी बहिर्जी अगदीच हरवलेला नाही. त्याचे नाव कागदात राहिले आहे. शिवाजी महाराजांच्या पश्चात राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून कृष्णाजी अनंत सभासद याने महाराजांची बखर लिहिली. बखर म्हणजे घडलेल्या गोष्टींची हकिकत. त्या बखरीत बहिर्जी जाधव नाईक या जासुदाचे नाव आहे. सुरत मारली तर अगणित द्रव्य मिळेल, ही खबर बहिर्जीने आणली असे सभासद सांगतो. महाराज १६६४ सालच्या जानेवारी महिन्यात सुरतेवर चालून गेले. सुरत हे मोगलांचे सगळ्यांत श्रीमंत बंदर. आपल्या मुलखापासून कितीतरी लांब. एवढ्या लांब फौज न्यायची तर आधी कोणीतरी तिथे जाऊन, गल्ल्या फिरून, पेढ्या कुठे आहेत आणि पहारा किती आहे हे पाहून यायला हवे. ते ज्याने पाहिले त्याला लूट उचलावी लागली नाही, लढाईही करावी लागली नाही. पण तो आधी गेला नसता तर बाकीच्यांनी काय केले असते?

आम्हाला स्वतःला सुरतेपेक्षा जालन्याची गोष्ट जास्त आवडते. १६७९ साली महाराजांनी जालना लुटले. परत येताना मोठी अडचण आली. उंट, घोडे, बैल ओझ्याने वाकलेले. फौज थकलेली. आणि वाटेत मोगलांची फौज आडवी आली. लढाई झाली. सिधोजी निंबाळकर हा सरदार त्यात पडला. पुढची वाट बंद, मागून शत्रूला मदत येत असलेली. अशा वेळी बहिर्जी पुढे झाला. मी वाट काढून देतो, असे त्याने सांगितले. मग तीन दिवस आणि तीन रात्री त्याने आडवाटेने महाराजांना आणि फौजेला नेले आणि पट्टा नावाच्या किल्ल्यावर सुखरूप पोचवले. हा किल्ला अकोले आणि नाशिकच्या बाजूला डोंगरात आहे. महाराजांनी तिथे विसावा घेतला. म्हणून त्या किल्ल्याला विश्रामगड असे नाव पडले.

ही गोष्ट पुन्हा सांगितली तेव्हा बाबा म्हणाले, "म्हणजे वाटाड्याच तो."

बरोबर आहे. पण वाटाड्या कसा? आपल्या शिवारातली वाट कोणालाही ठाऊक असते. शत्रूच्या मुलखातली वाट अंधारात सापडायची तर ती आधी कधीतरी एकट्याने, मुकाट्याने चालून ठेवलेली असावी लागते. उन्हाळ्यात नाल्याला पाणी कुठे राहते, ओझ्याचा बैल कोणत्या घाटाने चढतो, कोणत्या गावची कुत्री भुंकतात, हे सगळे डोक्यात साठवावे लागते. फौजेचा जीव त्या तीन रात्री एका माणसाच्या आठवणीवर लटकला होता.

बहिर्जी फकीर होई, ज्योतिषी होई, शत्रूच्या दरबारात जाऊन बसे, अशा पुष्कळ गोष्टी लोक सांगतात. सांगायला गोड आहेत. पण त्या लोकांच्या तोंडच्या आहेत आणि जालन्याची गोष्ट कागदातली आहे. हा फरक आपण ध्यानात ठेवावा. सांगली जिल्ह्यातल्या बाणूरगडावर बहिर्जीची समाधी दाखवतात. तिकडे कधी गेलात तर जरूर पाहा.

हेर ठेवण्याची रीत महाराजांच्याही पूर्वीची, फार जुनी. कौटिल्याने, म्हणजेच चाणक्याने, लिहिलेला म्हणून 'अर्थशास्त्र' हा संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध आहे. मधली शेकडो वर्षे तो लोकांच्या नजरेआड होता. म्हैसूरच्या ग्रंथालयात शामशास्त्री नावाच्या पंडितांना त्याची जुनी पोथी मिळाली आणि १९०९ साली त्यांनी ती छापली. त्यात राज्य कसे चालवावे ते सांगितले आहे. हेर कसे नेमावे हेही तपशिलाने सांगितले आहे.

कौटिल्य म्हणतो, हेर नाना वेषांचे असावेत. विद्यार्थी असावा, व्यापारी असावा, भिक्षा मागणारी बाई असावी. ज्याचा धंदा बुडाला आहे असा शेतकरीही असावा. त्याला जमीन द्यावी, त्याने शेती करावी आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडून बातमी काढावी. आणि एक साधू असावा. या साधूचे वर्णन आम्ही वाचून दाखवले तेव्हा वर्ग हसून लोळला. या साधूने गावाबाहेर राहावे. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा सगळ्यांच्या देखत मूठभर भाजी किंवा गवत खावे. आणि गुपचूप, कोणी पाहत नसताना, हवे ते जेवावे. त्याच्या चेल्यांनी त्याची थोरवी गावभर सांगावी. मग लोक आपण होऊन त्याच्यापाशी मनातले बोलतात. विड्या वळणाऱ्या एका बाई म्हणाल्या, "असा एक आमच्याही गावी आला होता जी. वर्षभर होता!" तो हेर नसेल, नुसताच भोंदू असेल. पण युक्ती तीच.

कौटिल्याची एक गोष्ट आम्हाला पटते आणि एक पटत नाही.

पटते ती ही. एका हेराने बातमी आणली की लगेच खरी मानू नये. एकमेकांना न ओळखणाऱ्या तीन हेरांनी तीच बातमी सांगितली तर मानावी. आज गावात फोनवरून रोज अफवा येतात. मुले पळवणारी टोळी आली, अमुक तमुक झाले. तीन वेगळ्या माणसांना विचारून मग बोलणारा गावात एक तरी आहे का? आणि एक पोटभेद आहे. एकाच फोनवरून आलेला निरोप दहा जणांनी पुढे पाठवला तरी सांगणारा एकच असतो, दहा नसतात.

पटत नाही ते हे. कौटिल्याचा राजा शत्रूवर हेर ठेवतो तसेच आपल्याच प्रजेवरही ठेवतो. कोण नाराज आहे, कोण कुरकुर करतो, हे राजाला कळावे म्हणून. शत्रू चालून येतो का ते पाहणे वेगळे. आपला शेजारी चुलीपाशी काय बोलला ते सरकारात पोचवणे वेगळे. वर्गात यावर बराच वाद झाला. एका गड्याचे म्हणणे पडले की हे सगळेच खोटे बोलणे आहे. आम्ही म्हणालो, आहे खरे. दुसरा म्हणाला, लढाईत हजार माणसे मरण्यापेक्षा एकाने खोटे बोललेले बरे. रात्रीचे दहा वाजले, कंदिलातले तेल संपले, वाद काही संपला नाही.

आता आपल्या इकडचे पाहू. भंडारा हा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातला मुलूख. त्या काळी डाक नव्हती. पत्रे घेऊन जासूद धावत. बहुधा दोन-दोन जासूद बरोबर पाठवत, म्हणून जुन्या पत्रांत 'जासूद जोडी' असा शब्द येतो. एकाला वाघाने धरले, ताप आला, नदीला पूर आला, तर दुसऱ्याने पत्र पोचवावे. पत्र मोडी लिपीत असे. ते नेणाऱ्याला आपण काय नेत आहोत ते बहुतेक वेळा माहीतही नसे.

१८१७ साली नागपूरचे आप्पासाहेब भोसले आणि पुण्याचे दुसरे बाजीराव पेशवे यांच्यात इंग्रजांविरुद्ध गुप्त पत्रव्यवहार चालला होता. इंग्रजांचा वकील जेन्किन्स नागपुरातच बसलेला. त्याच्याही बातम्या काढणाऱ्यांचे जाळे होते. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली. आप्पासाहेबांची फौज हरली. पुढे इंग्रजांनी त्यांना कैद करून उत्तरेकडे चालवले. वाटेत, १८१८ सालच्या मे महिन्यात, पहाऱ्यावरच्या काही शिपायांना फितवून, शिपायाचाच पोशाख चढवून, आप्पासाहेब निसटले आणि महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयाला गेले. कामठ्याचा जमीनदार चिमणा पटेल त्यांच्या बाजूने त्याच वर्षी उठला. कामठा आज गोंदिया जिल्ह्यात आहे. आम्ही हे सांगत होतो तेव्हा तो आपल्या भंडारा जिल्ह्यातच होता. राजाने शिपायाचा वेष घेतला आणि पहाऱ्यासमोरून चालत गेला. पहारेकरी राजाला शोधत होते. शिपायाकडे कोण पाहतो?

यापुढचे आम्हाला त्या वेळी माहीत नव्हते. नंतर वाचून कळले. त्यातला एक माणूस आम्हाला फार जवळचा वाटतो, कारण तो आमच्यासारखाच शाळामास्तर होता.

त्याचे नाव नैनसिंग रावत. हिमालयातल्या कुमाऊँ भागात मिलम नावाचे गाव आहे, तिथला तो. त्या वेळी तिबेटात परक्या माणसाला जाऊ देत नसत. इंग्रज सरकारला तिथला नकाशा हवा होता. म्हणून त्यांनी नैनसिंगाला शिकवून तयार केले. तो यात्रेकरू होऊन निघाला आणि १८६६ सालच्या जानेवारीत ल्हासा शहरात पोचला. पावला-पावलाने त्याने सुमारे १२०० मैल मोजले!

मोजले कसे? युक्ती ऐका. डोंगर असो की सपाटी, पाऊल सारख्याच लांबीचे टाकायचे, अशी सवय त्याला लावली होती. दोन हजार पावलांचा एक मैल. हातात जपमाळ. जपमाळेला १०८ मणी असतात हे आपल्याला ठाऊक आहे. याच्या माळेला मणी होते १००. शंभर पावले झाली की एक मणी सरकवायचा. माळ पूर्ण झाली की दहा हजार पावले, म्हणजे पाच मैल. पाहणाऱ्याला वाटे, बुवा जप करत आहे. बौद्ध लोक हातात फिरवतात ते प्रार्थनेचे चक्र त्याच्याजवळ होते. त्याच्या पोटात प्रार्थनेच्या जागी लिहिलेल्या मोजणीच्या चिठ्ठ्या होत्या. ठिकाणाची उंची तो चहाच्या आधणावरून काढी. जितके उंच जावे तितके पाणी कमी उष्णतेवर उकळते. आधणात उष्णता मोजायची नळी बुडवली की उंची किती ते हिशेबाने निघते.

१८७७ साली विलायतेतल्या भूगोलाच्या मोठ्या संस्थेने त्याला सोन्याचे पदक दिले. आपल्या सरकारने २००४ साली त्याचे टपाल तिकीट काढले. ते ठीकच आहे. पण १९०४ साली इंग्रजांची फौज तिबेटात घुसून ल्हासाला पोचली, तेव्हा त्या बंद देशाची वाट नकाशावर आधीच येऊन बसली होती. मास्तराच्या मण्यांचा असाही हिशेब निघाला. आम्ही त्याच्या जागी असतो तर गेलो असतो काय? पगार बरा होता आणि काम अवघड होते. मास्तरला दोन्हींचा मोह पडतो.

दुसरी एक बाई. नूर इनायत खान तिचे नाव. टिपू सुलतानाच्या वंशातली. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, इंग्रजांनी तिला जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये पाठवले. बिनतारी यंत्रावरून निरोप पाठवणे हे तिचे काम. सोबतचे बहुतेक पकडले गेले तरी ती काही महिने एकटी निरोप पाठवत राहिली. शेवटी पकडली गेली. तिने पाठवलेल्या निरोपांच्या नकला एका वहीत लिहून ठेवल्या होत्या. ती वही जर्मनांच्या हाती लागली आणि तिच्या नावाने तेच खोटे निरोप पाठवू लागले. तिने मात्र आपल्या माणसांची नावे सांगितली नाहीत. १९४४ सालच्या सप्टेंबरात तिला गोळी घातली. आम्ही जन्मभर मुलांना सांगत आलो, वहीत लिहून ठेवा, वहीत लिहून ठेवा. तिच्या बाबतीत तेच घातक ठरले.

आणि बाबांच्या प्रश्नाचे उत्तर? ते फार उशिरा मिळाले. अमेरिकेत वॉशिंग्टन शहरात २००२ साली खास हेरांचे संग्रहालय उघडले. २०१९ साली ते नव्या मोठ्या इमारतीत गेले. आमचा एक जुना विद्यार्थी नोकरीसाठी तिकडे असतो. त्याने ते पाहून आम्हाला फोटो पाठवले. ओठांना लावायच्या लालीची नळी आहे, पण आत एका गोळीचे पिस्तूल. बूट आहे, टाचेत बोलणे चोरून ऐकण्याचे यंत्र. कोटाचे बटण आहे, मागे फोटो काढायचा कॅमेरा. कबुतराच्या छातीवर बांधायचा चिमुकला कॅमेराही आहे. कबुतर शत्रूवरून उडत जाई आणि फोटो आपोआप निघत. तेव्हा हेराच्याही वस्तू राहतात, पण अशा, की पाटी लावल्याशिवाय कळू नये. कदाचित अजब बंगल्यातही एखादी साधी काठी, एखादी माळ तशीच पडून असेल. बाबा आता नाहीत. असते तर फोटो दाखवले असते.

सोंग घेणारे आजही येतात, फक्त आता नुसता आवाज येतो. फोनवरचा माणूस म्हणतो, मी बँकेतून बोलतो, तुमचे खाते बंद पडेल, आलेला आकडा सांगा. बँक फोनवर पिन किंवा ओटीपी कधीच विचारत नाही. तो आकडा म्हणजे तुमच्या घराची किल्ली. गवत खाणारा साधू आठवा आणि फोन ठेवून द्या.

त्या जुन्या वर्गाची एक गोष्ट राहिली.

अजब बंगल्याहून आल्यावर आम्ही वर्गाला गुप्त लिपी शिकवली. लहानपणी आपण च ची भाषा बोलतो तसेच, पण लिहायचे. प्रत्येक अक्षराच्या जागी बाराखडीतले पुढचे अक्षर घ्यायचे. क असेल तर ख, ध असेल तर न. काना, मात्रा, वेलांटी तशीच ठेवायची. 'धान विका' असे लिहायचे असेल तर होते 'नाप शिखा'. 'पाणी' चे होते 'फाती'. ज्याला अक्षरांचा क्रम पक्का पाठ आहे त्यालाच हे जमते. खरे तर क्रम पाठ व्हावा म्हणूनच आम्ही ही युक्ती काढली होती. आठ दिवस गावात माणसे एकमेकांना "फाती दे, फाती दे" म्हणत होती.

वर्गात एक बाई होती, तिशीची. विड्या वळायची. नवरा दूर परमुलखात कामाला. त्याचे पत्र महिन्या-दोन महिन्यांनी येई. तिला वाचता येत नसे, म्हणून ती ते एकाकडे वाचायला नेई. तो मोठ्याने वाचे, ओट्यावर बसून. नवऱ्याने किती पैसे पाठवले, सासूबद्दल काय लिहिले, तब्येत कशी आहे, सगळे ओट्यावर. एकदा पत्रात मनिऑर्डरीची खबर होती. ती घरी पोचायच्या आत उसने मागणारी बाई दारात उभी! तिने आम्हाला सांगितले होते, "पत्र माझं जी, पण आधी गावाले समजे." वर्गात येण्याचे तिचे कारण एवढेच होते.

जोडाक्षरे संपली त्या आठवड्यात वर्ग सुटल्यावर ती आमच्या टेबलावर एक कागद ठेवून गेली. विडीच्या कट्ट्याचा कागद, मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेले. आम्ही चष्मा लावून पाहिले. लिहिले होते:

यवा फथ्ल आवे.

आम्हाला उलगडायला जरा वेळ लागला. मधले जोडाक्षर तिने आपल्या मनानेच सोडवले होते, ते आम्ही शिकवलेच नव्हते. दुसऱ्या रात्री ती नेहमीच्या जागी येऊन बसली. पत्रात काय होते ते तिने सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही. फळ्यावर पुढचा धडा लिहायला घेतला.